आर्थर ॲश नेमके कोणत्या शाळेचे? एका सन्मानाचा प्रकरण अभ्यास

1961 मध्ये व्हर्जिनिया राज्यातील शार्लट्सव्हिल येथे, व्हर्जिनिया विद्यापीठाच्या कोर्टांवर, अमेरिकेची राष्ट्रीय आंतरशालेय टेनिस स्पर्धा झाली आणि एकेरीचे विजेतेपद आर्थर ॲश या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाने मिळवले. त्यापूर्वी कोणाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला ही स्पर्धा जिंकता आली नव्हती. निकालात त्याच्या नावापुढे शाळा लागली ती मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरातील समनर हायस्कूलची. मुलगा मात्र व्हर्जिनियाचाच होता. ज्या कोर्टावर तो जिंकला तेथून रिचमंडमधले त्याचे घर सुमारे 110 किलोमीटरवर होते, आणि ज्या शाळेच्या नावाने तो जिंकला ती हजार किलोमीटरहून अधिक लांब होती.

शाळा आपल्या नामवंत खेळाडूंचा गौरव करते तेव्हा ‘हा आमचा विद्यार्थी’ असे अभिमानाने सांगते. या वाक्यातील ‘आमचा’ हा शब्द किती वजनाचा असतो आणि तो कोणाला उच्चारता येतो, हे तपासण्यासाठी ॲश यांच्याइतके बोलके उदाहरण मला माहीत नाही. त्यांच्या हायस्कूलच्या शिक्षणाची तीन वर्षे एका शाळेत गेली आणि शेवटचे वर्ष दुसऱ्या शाळेत. पहिल्या शाळेने त्यांना वाढवले, पण ती ज्या शहरात होती त्या शहराने त्यांच्यासमोर दार लावून घेतले. दुसऱ्या शाळेत ते एखाद्या पाहुण्यासारखे आले आणि तिच्या नावावर राष्ट्रीय अजिंक्यपद लावून गेले. पुढे दोन्ही शहरांनी त्यांचा मान राखला. तो कसा राखला आणि त्यात काय सांगितले गेले, हा या अभ्यासाचा विषय आहे.

बागेतले घर

आर्थर ॲश यांचा जन्म 10 जुलै 1943 रोजी रिचमंडमध्ये झाला. त्यांचे वडील ब्रूक फील्ड या कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या सार्वजनिक क्रीडांगणाचे रखवालदार होते आणि कुटुंबाचे घर त्या मैदानातच होते. दाराबाहेर पाऊल टाकले की टेनिसची कोर्टे, असा तो योग होता. आर्थर सहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. अंगाने अगदी किरकोळ, पुस्तकांत रमणारा हा मुलगा त्याच सुमारास रॅकेट हाती धरू लागला. त्याला पहिले धडे दिले रॉन चॅरिटी या तरुणाने, जो जवळच्याच व्हर्जिनिया युनियन विद्यापीठात शिकत होता आणि फावल्या वेळात त्या कोर्टांवर सराव करत असे.

मुलाच्या हातात काही वेगळे आहे हे ओळखून चॅरिटीने त्याला लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे नेले. डॉ. जॉन्सन व्यवसायाने वैद्य होते. त्यांच्या घरामागे स्वतःचे कोर्ट होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक कृष्णवर्णीय मुलांना आपल्या घरी ठेवून, आपल्या खर्चाने खाऊपिऊ घालून ते टेनिस शिकवत. त्यांच्या शिकवणीतला एक नियम जवळून पाहण्यासारखा आहे. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या बाहेर दोनेक बोटे पडला असेल तरी तो आत पडला असे धरून खेळायचे. पंचाशी वाद घालायचा नाही, रॅकेट आपटायची नाही आणि बाजू बदलताना आपल्या बाजूचे चेंडू उचलून समोरच्याच्या हाती द्यायचे. गोऱ्यांच्या स्पर्धेत या मुलांना बाहेर काढण्यासाठी निमित्त शोधणारे लोक असतील आणि ते निमित्त त्यांना मिळू द्यायचे नाही, असा त्यामागे हिशेब होता. ॲश यांच्या चेहऱ्यावरची जी अविचल शांतता पुढे जगभर वाखाणली गेली तिचा पाया या कोर्टावर घातला गेला. ज्या शांततेचे कौतुक होते ती एका लहान मुलाला भीतीपोटी शिकावी लागली होती, हे त्यांच्या प्रत्येक गौरवसमारंभात सांगितले जावे असे मला मनापासून वाटते.

शाळा होती मॅगी वॉकर हायस्कूल. अमेरिकेत बँक स्थापन करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिलेचे नाव या शाळेला दिले होते आणि रिचमंडच्या कृष्णवर्णीय समाजाला तिचा मोठा आधार होता. शाळेत उणे काही नव्हते. उणे होते ते शहराच्या कायद्यात आणि रिवाजात. बर्ड पार्कमधील उत्तम सार्वजनिक कोर्टे गोऱ्यांसाठी होती आणि तेथल्या स्पर्धेत नाव घालायला गेलेल्या आर्थरला परत पाठवण्यात आले होते. गोऱ्या शाळांतील मुलांशी त्याला शालेय सामने खेळता येत नव्हते. हिवाळ्यात उघड्यावरची कोर्टे निरुपयोगी होत आणि बंदिस्त कोर्टांवर कृष्णवर्णीयांना प्रवेश नसे. म्हणजे वर्षातले कित्येक महिने हा मुलगा खेळूच शकत नव्हता, आणि जेव्हा खेळू शकत होता तेव्हा त्याच्या तोडीचे प्रतिस्पर्धी त्याच्यासमोर येत नव्हते. सतराव्या वर्षी टेनिसपटूच्या आयुष्यात असे एक वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे खेळ जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

शेवटचे वर्ष

उपाय डॉ. जॉन्सन यांनीच काढला. सेंट लुइसमध्ये त्यांचे स्नेही रिचर्ड हडलिन राहत. ते समनर हायस्कूलमध्ये शिक्षक आणि टेनिसचे प्रशिक्षक होते. तरुणपणी शिकागो विद्यापीठाच्या टेनिस संघाचे कर्णधारपद त्यांनी भूषवले होते आणि पुढे सेंट लुइसच्या नागरी टेनिस स्पर्धांत कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळावा म्हणून ते न्यायालयातही गेले होते. 1960 च्या हिवाळ्यापूर्वी आर्थरने रिचमंड सोडले, हडलिन कुटुंबाच्या घरी मुक्काम केला आणि समनरमध्ये शेवटच्या वर्षाला नाव घातले.

समनरची स्थापना 1875 ची. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीय मुलांसाठी निघालेले हे पहिले हायस्कूल. तेथून गायक चक बेरी, गायिका टीना टर्नर आणि विनोदकार डिक ग्रेगरी यांच्यासारखी माणसे शिकून गेली. आर्थर तेथे गेला तेव्हा सेंट लुइसही वर्णभेदापासून मुक्त नव्हते, पण तेथे गोऱ्या खेळाडूंशी सराव करता येत होता आणि हिवाळ्यात खेळायला बंदिस्त जागा होती.

ती जागा म्हणजे लष्कराची आर्मरी. एरवी जेथे शिपायांची कवायत चाले त्या प्रशस्त इमारतीत लाकडी फळ्यांच्या जमिनीवर टेनिसचे कोर्ट आखलेले होते. गुळगुळीत लाकडावर चेंडू उसळत नाही, घसरून झपकन अंगावर येतो. रिचमंडच्या कोर्टांवर मागच्या रेषेजवळ उभा राहून लांबलचक हात फिरवत चेंडू परतवण्याची सवय असलेल्या आर्थरला येथे तेवढा वेळच मिळत नव्हता. त्याला हात मागे नेण्याचे अंतर कमी करावे लागले, सर्व्हिसला वेग आणावा लागला आणि सर्व्हिसपाठोपाठ जाळ्याकडे धाव घ्यावी लागली. ॲश यांचा जो आक्रमक खेळ पुढे जगाने पाहिला तो या लाकडी फळ्यांनी घडवला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. याच आर्मरीत काही वर्षांनी नदीपलीकडच्या बेलव्हिल गावातला एक लहानगा मुलगा सराव करू लागला. त्याचे नाव जिमी कॉनर्स. 5 जुलै 1975 रोजी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात ॲश यांनी ज्या कॉनर्सला 6-1, 6-1, 5-7, 6-4 असे हरवले तो हाच.

हडलिन यांची शिस्त कडक होती. पहाटे उठून व्यायाम, मग शाळा, मग सराव. घरापासून दूर, मित्रांपासून दूर, ज्या वर्षी सगळे वर्गमित्र आपल्या शाळेतून निरोप घेत होते त्या वर्षी हा मुलगा अनोळखी वर्गात बसला होता. ते वर्ष त्याच्यासाठी सुखाचे नव्हते. शार्लट्सव्हिलचे अजिंक्यपद याच वर्षाचे फळ होते आणि त्यानंतर तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकायला गेला.

अशी तडजोड करावी लागलेला तो पहिलाच खेळाडू नव्हता. चौदा वर्षांपूर्वी, 1946 मध्ये, याच डॉ. जॉन्सन यांनी नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टनच्या डॉ. ह्युबर्ट ईटन यांच्याबरोबर मिळून न्यूयॉर्कच्या हार्लेममधील अल्थिया गिब्सन या मुलीला दत्तक घेतल्यासारखे घरी आणले होते. तिचे शिक्षण अर्धवट सुटले होते. शाळेचे महिने ईटन यांच्या घरी आणि उन्हाळा जॉन्सन यांच्या घरी, असा तिचा क्रम ठरला. ईटन यांच्या परसातले कोर्ट हेच तिचे मैदान होते. वयाने मोठी झालेली ही मुलगी विल्मिंग्टनच्या विलिस्टन हायस्कूलमध्ये लहान मुलामुलींबरोबर वर्गात बसली आणि 1949 मध्ये उत्तीर्ण झाली. 1957 आणि 1958 अशी सलग दोन वर्षे तिने विम्बल्डन आणि अमेरिकन अजिंक्यपद जिंकले. तिच्या शाळेचे काय झाले, हे सन्मानाचा विचार करताना विसरता येत नाही. 1968 मध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांचे एकत्रीकरण करताना विलिस्टन हे हायस्कूल म्हणून बंद करण्यात आले, आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना आपल्या हक्काची संस्था हिरावली गेल्याचे दुःख दीर्घकाळ सलत राहिले. आज विल्मिंग्टनच्या एम्पी पार्कमधील टेनिस संकुल अल्थिया गिब्सन यांच्या नावाने ओळखले जाते. शहराने नाव दिले, पण ज्या हायस्कूलने त्यांना पुन्हा शिक्षणाकडे वळवले ते हायस्कूल ‘ही आमची मुलगी’ म्हणायला त्या रूपात उरले नाही. खेळाडूचा सन्मान करण्यासाठी आधी शाळा जिवंत असावी लागते, ही साधी गोष्ट येथे लख्ख दिसते.

समनरवरही ती वेळ येऊन गेली. 2020 च्या अखेरीस सेंट लुइसच्या शाळाप्रशासनाने विद्यार्थीसंख्या घटल्यामुळे बंद करायच्या शाळांची जी यादी मांडली तीत समनरचे नाव होते. माजी विद्यार्थी आणि परिसरातील रहिवासी एकत्र आले, शाळेसाठी कलाशिक्षणावर आधारलेली नवी योजना मांडण्यात आली आणि 2021 मध्ये शाळा चालू ठेवण्याचा निर्णय झाला. या प्रयत्नांत टर्नर, बेरी आणि ॲश ही नावे वारंवार घेतली गेली. माजी विद्यार्थ्यांच्या गौरवयादीचा इतका थेट उपयोग क्वचितच पाहायला मिळतो. एरवी भिंतीवरच्या चौकटीत असलेली नावे त्या हिवाळ्यात शाळेच्या बाजूने साक्षीला उभी राहिली. ॲश तेथे एकच वर्ष शिकले, तेही नाइलाजाने आलेले, तरीही समनरचा त्यांच्यावरचा हक्क मला खरा वाटतो. त्या शाळेने आणि तिच्या एका शिक्षकाने त्यांना नेमके ते दिले जे त्यांच्या गावाने नाकारले होते.

रिचमंडचा मान

रिचमंडचा हक्क अधिक गुंतागुंतीचा आहे. 1966 मध्ये, ॲश डेव्हिस चषकाचे खेळाडू आणि राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेते झाल्यानंतर, शहराने ‘आर्थर ॲश दिवस’ साजरा केला. ज्या मुलाला शहराच्या गोऱ्यांसाठीच्या कोर्टांवर पाऊल ठेवू दिले नव्हते त्याचा नगरपालिकेकडून सत्कार झाला. 1968 मध्ये त्यांनी पहिली अमेरिकन ओपन स्पर्धा जिंकली. हौशी खेळाडू असल्यामुळे 14 हजार डॉलरचे बक्षीस त्यांना घेता आले नाही आणि हाती आला तो केवळ रोजचा भत्ता. पुढे 1982 मध्ये रिचमंडच्या शाळांसाठी उभारलेल्या मोठ्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. 6 फेब्रुवारी 1993 रोजी, हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून जडलेल्या एड्सच्या आजारपणात त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी त्यांचे पार्थिव व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांच्या निवासस्थानी ठेवण्यात आले आणि अंत्यसंस्काराची सभा याच क्रीडागृहात झाली. त्यांना आईच्या शेजारी पुरण्यात आले.

मग आला पुतळ्याचा प्रश्न. पॉल डिपास्क्वाले या शिल्पकाराने घडवलेला ब्राँझचा पुतळा 10 जुलै 1996 रोजी, ॲश यांच्या जन्मदिनी, मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवर उभा राहिला. या रस्त्यावर तोवर अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या सेनानींचे आणि नेत्यांचेच पुतळे होते. काही गोऱ्या नागरिकांना तेथे टेनिसपटू नको होता आणि काही कृष्णवर्णीय नागरिकांना आपला माणूस त्या रांगेत नको होता. ॲश यांच्या पत्नी जीन मूटुसामी-ॲश यांनीही जाहीर विरोध नोंदवला. हा पुतळा आपल्या पतीपेक्षा रिचमंड शहराचाच मान वाढवील अशी त्यांची भीती होती आणि त्या जागी नव्हे तर कृष्णवर्णीय खेळाडूंच्या नियोजित गौरवसंग्रहालयापाशी तो असावा असे त्यांचे म्हणणे होते. मला हा आक्षेप या संपूर्ण प्रकरणाचा गाभा वाटतो. सन्मान करणारा आणि सन्मान होणारा यांच्यात मान कोणाकडून कोणाकडे वाहतो, हा प्रश्न एका विधवेने भर समारंभाच्या तयारीत विचारला, आणि त्याचे उत्तर समारंभाने देता येण्यासारखे नव्हते. पुढे काळाने काही अंशी उत्तर दिले. 2019 मध्ये शहरातील एका प्रमुख रस्त्याला आर्थर ॲश बुलेवार्ड असे नाव मिळाले आणि 2020 व 2021 मध्ये मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवरील त्या सेनानींचे पुतळे एकेक करून हलवले गेले. ॲश यांचा पुतळा जागेवर राहिला.

त्या पुतळ्यात ॲश यांच्या भोवती मुले आहेत. त्यांच्या एका हातात रॅकेट आहे, दुसऱ्या हातात पुस्तके, आणि पुस्तकांचा हात रॅकेटच्या हाताहून उंच आहे. आपल्या पुतळ्यात मुले आणि पुस्तके असावीत ही इच्छा त्यांनी स्वतःच कळवली होती.

मॅगी वॉकर हायस्कूलची इमारत 2001 पासून प्रज्ञावंत विद्यार्थ्यांच्या एका प्रादेशिक शासकीय शाळेकडे आहे. नाव मॅगी वॉकर यांचेच राहिले, विद्यार्थी मात्र अनेक जिल्ह्यांतून येतात. ज्या वर्गांतून आर्थरला 1960 मध्ये बाहेर पडावे लागले तेथे आता सर्व वर्णांची मुले शेजारी शेजारी बसतात.

त्यांचा स्वतःचा निकष

शाळांनी खेळाडूंना कसे बोलवावे याबद्दल ॲश यांचे स्पष्ट मत होते. 6 फेब्रुवारी 1977 रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये कृष्णवर्णीय पालकांना उद्देशून त्यांचे एक खुले पत्र छापून आले. आपल्या मुलांना ग्रंथालयांत पाठवा, असे त्यांनी लिहिले. मैदानावर एक तास गेला तर ग्रंथालयात दोन तास जावेत, असे त्यांचे सांगणे होते. शाळेच्या सभेत माझ्यासारख्या यशस्वी खेळाडूला बोलवण्याऐवजी ज्याला संघात बाकावर बसून राहावे लागले किंवा ज्याला यश मिळालेच नाही अशा खेळाडूला बोलवा, असे त्यांनी त्याच पत्रात सुचवले. त्याला विचारा की रात्री नीट झोप लागते का, पदवी पूर्ण झाली का, उद्या शरीर निकामी झाले तर काय करणार, शाळेतले जुने सवंगडी आज कोठे आहेत.

हे लिहिणारा माणूस विम्बल्डन विजेता होता आणि त्याला प्रत्येक शाळा पायघड्या घालायला तयार होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या सूचनेचे मोल कळते. आपल्याकडेही माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देऊन खेळाडूचा सत्कार होतो, आणि तो व्हावाच. पण भाषणात बहुधा चषकांची यादी असते. तो मुलगा सरावाला कोठे जात होता, त्याला कोणत्या मैदानावरून परत पाठवले, कोणत्या शिक्षकाने घरी ठेवून जेवू घातले, हे क्वचित येते. समनरमध्ये ॲश यांचे नाव घेताना हडलिन यांचे नाव घेतले गेले नाही, तर तो गौरव अर्धाच राहतो. रिचमंडमध्ये बर्ड पार्कची गोष्ट टाळून केलेला सत्कार तर मला सत्कारच वाटत नाही.

यूसीएलएने निवडलेला मार्ग या दृष्टीने मला सर्वांत समंजस वाटतो. त्या विद्यापीठाने ॲश यांचे नाव विद्यार्थ्यांच्या आरोग्य केंद्राला दिले. आजारी पडलेला किंवा धास्तावलेला कोणताही विद्यार्थी तेथे जातो, मग तो खेळाडू असो वा नसो. ज्या माणसाने अखेरच्या महिन्यांत आपला आजार जाहीर झाल्यावर त्याविषयी लोकांना समजावत फिरण्यात आपली उरलीसुरली शक्ती खर्च केली त्याचे नाव तेथे अगदी सहज शोभते.

शार्लट्सव्हिलच्या त्या स्पर्धेची एक आधीची गोष्टही आहे. डॉ. जॉन्सन यांनी ती स्पर्धा प्रेक्षक म्हणून पाहिली होती आणि आपल्या मुलांना येथे खेळू द्याल का, असे आयोजकांना विचारले होते. परवानगी मिळाल्यावर 1951 मध्ये त्यांनी दोन कृष्णवर्णीय मुलांना तेथे उतरवले आणि दोघेही सपशेल हरले. त्या पराभवानंतरच डॉक्टरांनी आपल्या घरामागच्या कोर्टावर मुलांना जमवून शिकवण्याचे काम नेटाने हाती घेतले, ज्यात दोन वर्षांनी दहा वर्षांचा आर्थर येऊन दाखल झाला. 1961 चे अजिंक्यपद त्या दोन मुलांच्या हरण्यापासून सुरू होते. 1977 च्या पत्रात ॲश शाळांच्या सभागृहात ज्यांना बोलवायला सांगत होते ती माणसे नेमकी अशीच होती.